आज गावात कोणीही मेलेलं नाही

"तमाम ग्रामस्थ बंधू-भगिनींना, शेतात असलेल्या, रस्त्यात असलेल्या आणि परगावाहून निघण्याच्या तयारीत असलेल्या सर्व नातेवाइकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आज गावात कोणीही मेलेलं नाही. पुन्हा ऐका. कोणीही मेलेलं नाही. वादळाच्या शक्यतेमुळे पंखे बंद करण्यात आलेले आहेत. तरी कृपया कोणीही रडत येऊ नये."

ही घोषणा माझी. शब्द माझे, आवाज माझा आणि कर्णाही माझ्याच दुकानातून गेलेला. लग्नांना, वाढदिवसांना मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा माझा धंदा आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या माईकवर बोलायचा मान आपोआप माझ्याकडे आला. नळाला पाणी येणार नाही, रेशनचा तांदूळ आला आहे, काळ्या तोंडाची बकरी हरवली आहे, अशा घोषणा कुठल्याही गावात होतात. पण कोणी मेलं नाही हे कर्ण्यावरून ओरडून सांगावं लागतं असं गाव माझ्या माहितीत आमचंच. आणि सांगताना माझा आवाज असा काही लागायचा की लोक अंगणात उभे राहून पुन्हा एकदा ऐकायचे.

हे असं का, ते सांगायचं तर आधी पंख्यांचं सांगायला हवं.

हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूर ओलांडून पुढे आमचं गाव. गावाच्या पश्चिमेला एक बरड आहे. बरड म्हणजे मुरमाड उंचवटा. तिथे ना कापूस येतो ना तूर, फक्त वारा येतो. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या बरडाकडे पाठ करून बसलो होतो. मग बाहेरची काही माणसं आली, त्यांनी वारा मोजला, ग्रामसभा झाल्या, भांडणं झाली, आणि गावानं वाऱ्याचंच पीक घ्यायचं ठरवलं. नियम एकच होता. घर तिथे एक हिस्सा. ज्याच्याकडे पैसे होते त्यानं पैसे दिले. ज्याच्याकडे नव्हते त्यानं बरडावर खड्डे खोदले, डोक्यावरून गिट्टी वाहिली. हिस्सा मात्र सगळ्यांचा एक, आणि एकच. असे कोणाच्याही बापाचे नसलेले, म्हणजेच सगळ्यांच्या बापाचे, तीन पंखे उभे राहिले.

पवनचक्की हा शब्द फक्त पाहुण्यांसमोर. आमच्यासाठी ते पंखेच. त्यांच्यावर नळाची मोटर चालते, रस्त्यावरचे दिवे लागतात, आणि गावची पीठगिरणी फिरते. वारा पडला की एक दांडी ओढायची आणि सरकारी लायनीवर जायचं. तिन्ही पंखे एकदम फिरू लागले की गावावर 'घूंऽऽ' असा एक आवाज पसरलेला असतो. नव्या सुनांना पहिले आठ दिवस त्यानं झोप येत नाही. नंतर माहेरी गेल्यावर तो नाही म्हणून झोप येत नाही.

पंखे सांभाळायचा माझा मोठा भाऊ. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्याची उमर गेली. मोटर, पट्टा, बेअरिंग यांची भाषा त्याला कळायची, माणसांची तो फारशी बोलायचा नाही. आईनं दोघांच्या वाट्याचं सगळं बोलणं एकट्या मलाच पाजलं होतं. दर खांबाच्या बुडाशी एक चरखी होती. विहिरीच्या रहाटासारखी तिची दांडी फिरवली की तार ताणली जायची, वर पंख्याची शेपटी दुमडायची आणि पंखा वाऱ्याकडून तोंड फिरवून उभा राहायचा, रुसलेल्या जावयासारखा. ही चरखी दादाशिवाय कोणी फिरवायचं नाही, असा नियम कोणी केला नव्हता, पण होता.

आता गिरणीचं.

आमच्याकडे जुनी रीत आहे. गावात मयत झालं की ते निघून, लोक आंघोळी करून घरी येईपर्यंत गिरणी बंद ठेवायची. कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही आणि गिरणी मात्र घरघरते आहे, हे बरं दिसत नाही. पण ही रीत सगळ्यांना सारखी नव्हती. आम्ही बौद्ध. आमचा मोहल्ला नाल्याच्या अलीकडे. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होतो. पुढे पंचशीलाचा झेंडा, मागे पांढरे कपडे घातलेली माणसं, आणि बाबांना घेऊन सगळे गिरणीसमोरून निघाले. गिरणी चालू होती. तेव्हा ती डिझेलवर होती, टुकटुक टुकटुक करायची. गिरणीवाल्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि हातातला डबा गिरणीच्या तोंडात उलटा केला. झालं एवढंच. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. दादा एकोणीस वर्षांचा होता आणि बाबा त्याच्या खांद्यावर होते. त्यानं मान वळवून पाहिलंही नाही. मला वाटलं, त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

पंखे उभे राहिल्यावर त्यांचे नियम करायला ग्रामसभा बसली, तेव्हा मी माईक घेऊन फिरत होतो. दिवे किती वाजता लावायचे, पाणी किती वेळ सोडायचं, सगळं झालं. आणि दादा उठला. तो सभेत कधी उठत नसे, म्हणून मी धावत जाऊन माईक त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातानं बाजूला सारला.

"हिस्सा सारखा हाय ना सगळ्यायचा?" तो म्हणाला. "तं मयतही सारखं. कोणाच्याही घरी मयत झालं का पंखे थांबले पायजे. लोकं आंघोळी करून घरी आले का मंग सुरू."

"आन् गिरणी?" मागून कोणीतरी विचारलं.

"गिरणी पंख्यावरच तं हाय," दादा म्हणाला. गिरणीवाल्या काकांकडे त्यानं पाहिलं नाही. हेच ते काका, बाबांच्या वेळचे. आता म्हातारे झाले होते, भुवयांवर कायम पीठ.

हात वर झाले. काकांचाही झाला, जरा उशिरा.

"पन थांबवन कोन?" सरपंचबाईंनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला आणि खाली बसला.

पहिलं मयत नेमकं आमच्याच मोहल्ल्यातलं निघालं. बरडावर गिट्टी वाहिलेली एक म्हातारी गेली. दादा चढण चढून गेला, तिन्ही चरख्या फिरवल्या. घूंऽऽ थांबलं. गावात अशी शांतता झाली की कोंबड्यासुद्धा इकडेतिकडे पाहू लागल्या. आणि मग खट्ट आवाज आला, आणि गिरणी पुन्हा घरघरू लागली. काकांनी दांडी ओढून गिरणी सरकारी लायनीवर घेतली होती.

दादा खाली आला. मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगतो, मला जरा आनंदच झाला. मी त्याच्या मागे निघालो. तो आधी घरी गेला, ज्वारीचा डबा उचलला, आणि गिरणीत जाऊन काकांसमोर ठेवला.

"काका, एवढं दळून द्या."

काका गडबडले. "अरे, पन तुमच्या मोहल्ल्यात तं मयत हाय ना आज?"

"हो ना. म्हणूनच तं. पाहुणे येतीन, भाकरी लागन."

काकांनी डब्याकडे पाहिलं, मग दादाकडे. मग भिंतीवरची दांडी खाली ओढली. गिरणी घरघरत घरघरत बंद पडली.

"उद्या येजो," काका म्हणाले.

"उद्या येतो," दादा म्हणाला, आणि डबा तिथेच ठेवून आला. त्यानंतर काकांनी मयताच्या वेळी ती दांडी कधी वर केली नाही. कोणाच्याही मयताच्या वेळी.

तेव्हापासून बरडाकडे पाहायची गावाला सवय लागली. शेतातून कुठूनही पंखे दिसतात. फोन घरी राहतो, झाडाला टांगलेल्या पिशवीत राहतो, पण पंखे समोर असतात. वारा चालू आहे आणि पंखे थांबलेले आहेत असं दिसलं की लोक हातातलं काम टाकून घराकडे निघायचे. कोण गेलं हे विचारायचं नंतर.

यातूनच तो प्रसिद्ध घोटाळा झाला. चैत्रातली दुपार. वादळ येणार असा निरोप आला, म्हणून दादानं पंखे दुमडून ठेवले. घरात कोणाला सांगायचं त्याला सुचलं नाही, कारण सांगणं हे त्याचं खातं नव्हतं. अर्ध्या तासात अख्खं गाव उन्हाळी भुईमुगातून घरी. कोण गेलं? त्या वेळी गावात मरणाच्या रांगेत पहिला नंबर एका आजोबांचा होता. कार्तिकापासून आज जातात की उद्या, असं चाललं होतं. तेव्हा विचारायचं काय? बाया थेट त्यांच्या दारात जाऊन बसल्या आणि रडायला लागल्या. कोणीतरी फोन केला, आणि त्यांचे जावई पिपरी मेघेहून मोटरसायकलवर हार घेऊन हजर झाले. आणि आजोबा हातात पोह्यांची ताटली घेऊन दारात आले.

"काऊन वं बायांनो, कोन मेलं?"

रडणं अर्ध्यावर अडकलेलं. जावयानं हार पाठीमागे लपवला. आजोबांनी तो पाहिला.

"आनला हाय तं घाला आता," ते म्हणाले, आणि मान पुढे केली.

तो हार घालून ते संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पाहून घ्या, मंग मले दिसनार नाई." त्याच संध्याकाळी सरपंचबाईंनी मला बोलावून घेतलं, आणि "आज गावात कोणीही मेलेलं नाही" या घोषणेचा जन्म झाला. वादळ असेल तर घोषणा, मयत असेल तर फक्त पंखे. दादा वर जाणार, मी माईकवर. घरात दोघांची मिळून एक ड्युटी.

हा किस्सा मी अनेक मंडपांत सांगितला आहे. आजोबांची मान पुढे करण्याची नक्कल मला चांगली जमते. पण मागच्या वर्षीपासून मी तो सांगायचं सोडलं आहे. आज लिहिला तो नाइलाजानं, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

दादाची छाती खराब झाली होती. जिनिंगमध्ये कापसाची जी धूळ इतकी वर्षं आत गेली, ती आता बाहेर निघायला तयार नव्हती. पावसाळा संपता संपता आम्ही त्याला सेवाग्रामला नेलं. तिथे बारा दिवस राहिलो. शेवटी डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन, अगदी घरच्या माणसासारखं समजावून सांगितलं की आता घरी न्या. येताना गाडीत दादा बराच वेळ खिडकीतून पाहत होता. मग म्हणाला, "माह्या टायमाले तू थांबवजो."

"काय?"

"पंखे. आधी वरचा, मंग मधला, मंग खालचा. दांडी हळू फिरवजो, झटका नको देऊ, तार तुटन. आन् भाषण नको ठोकजो."

मी त्याला माझ्या पद्धतीनं वचन दिलं. छातीवर हात ठेवून, आवाज चढवून, की बाबा रे, तुझ्यासाठी तिन्ही पंखे असे थांबवीन की वर्ध्यापर्यंत लोक घड्याळ पाहतील. त्यानं डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर हसला. मी एवढा मोठ्यानं बोलत होतो कारण हळू बोललो असतो तर रडलो असतो.

घरी आलो आणि वारा पडला.

आश्विन-कार्तिकात आमच्याकडे वारा पडतोच, त्यात नवल नाही. पण त्या वर्षी तो जो पडला तो उठेचना. ऊन तापायचं, सोयाबीन कापून झालेल्या शेतांवर धूळ जिथल्या तिथे उभी राहायची. पंखे आठ दिवस हलले नाहीत. गिरणी, नळ, दिवे सगळं सरकारी लायनीवर. गावावरची ती घूंऽऽ गेली होती. दादाची खाट पुढच्या खोलीत खिडकीजवळ होती, पण शेजाऱ्यानं स्लॅबचं घर बांधल्यापासून तिथून बरड दिसत नसे. त्याला फक्त ऐकू यायचं. आणि आता ऐकूही येत नव्हतं.

"पान हाललं का?" तो सकाळी पहिलं हे विचारायचा. अंगणात कडुनिंब होता.

"हालून राह्यलं ना," मी म्हणायचो.

"खोटं."

"बरं, नाई हालत. तुले काय घाई हाय?"

एकदा वहिनी त्याला चमच्यानं पेज भरवत होती, तेव्हा तो आपण होऊन बोलला. एका दमात बोलता येत नव्हतं, म्हणून मधे मधे थांबत. "जेठात गेलो असतो, तं काय वारा असते. आता पंखे आधीच बंद. बंद पंखा काय बंद करशीन तू? बाबाच्या टायमाले गिरनी चालू होती. माह्या टायमालेबी चालूच राहीन. कोनाले समजनच नाई."

तेव्हा मला कळलं की गिरणीची ती टुकटुक त्या दिवशी त्यानं ऐकली होती. आणि तेव्हापासून ऐकतच होता.

वहिनी चमचा हातात धरून बसली होती. म्हणाली, "मरनाचीबी घाई, आन् वाऱ्याचीबी वाट. दोन्ही एका टायमाले कसं होईन हो?" तो हसला. हसला की खोकला यायचा, म्हणून ती त्याला हसवत नसे. त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं.

मी काय केलं सांगतो. मी नाटकी माणूस, मला तेच सुचणार. दुसऱ्या दिवशी दुकानातला टेबलफॅन आणून शेजारच्या खोलीत लपवून ठेवला, असा की दारातून त्याचा वारा खिडकीच्या पडद्यावर यावा. पडदा फडफडू लागला. मी आत येऊन ओरडलो, "दादा, वारा सुटला! पंखे गरागरा फिरून राह्यले!"

दादानं पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ कान दिला.

"टेबलफॅन हाय ना बे?" तो म्हणाला. "खर्र खर्र करते. बेअरिंगमधी तेल टाक त्याच्या."

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास तो गेला. वहिनीचा हात त्याच्या छातीवर होता. छाती वर आलीच नाही, म्हणून तिनं हात उचलून पाहिला, मग पुन्हा ठेवला. कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं.

मी ग्रामपंचायतीत गेलो. मयताची घोषणा करायची नाही हा आमचाच नियम, पण पंखे सांगू शकत नव्हते, म्हणून मी सांगणार होतो. माईक सुरू केला. लाल दिवा लागला. 'तमाम ग्रामस्थ' एवढे दोन शब्द मी झोपेतही म्हणू शकतो. ते आले नाहीत. मी माईकसमोर उभा होतो आणि कर्ण्यावरून गावभर फक्त माझा श्वास जात असणार. नंतर लोकांनी सांगितलं, त्यांना वाटलं माईक टेस्टिंग चाललंय. मी बटण बंद केलं.

बाहेर आलो तर समोर गिरणी चालू होती. काका पाठमोरे उभे होते, हातात कोणाचा तरी डबा. मला फक्त म्हणायचं होतं, काका, दादा गेला. मी दारात उभा राहिलो, तोंड उघडलं आणि मिटलं. गिरणीच्या घरघरीत त्यांना मी आल्याचंही कळलं नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, हजार-हजार लोकांच्या लग्नात बोललेला, आणि त्या दारात मी पुन्हा चौथीतला झालो होतो.

मग मी बरडावर गेलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वचन दिलं होतं, एवढंच.

आधी वरचा. दांडी हळू फिरवली, झटका दिला नाही. तार ताणली गेली, शेपटी कुरकुरत दुमडली. मग मधला. मग खालचा. आणि काहीही झालं नाही. तिन्ही पंखे आधीही उभे होते, नंतरही उभेच. कुठला आवाज थांबला नाही, कारण कुठला आवाज नव्हताच. दादा म्हणत होता ते बरोबर होतं. खालून गिरणीची घरघर सरळ वर येत होती. मी खालच्या खांबाला टेकून बसलो. मला त्या क्षणी वाऱ्याचा इतका राग आला की माणसाचाही कधी आला नसेल.

आणि गिरणी थांबली.

आधी मला वाटलं लाइन गेली. मग खाली पाहिलं. काका गिरणीच्या अंगणात उभे होते, कपाळावर हात आडवा धरून वर बरडाकडे पाहत. वारा नाही, वादळ नाही, आणि तिन्ही शेपट्या दुमडलेल्या. पंखे फिरत नसतानाही कोणीतरी ते थांबवले आहेत, हे त्यांना खालून दिसलं होतं. अशा वेळी दादा उठून आला नाही, मी आलो, याचा अर्थ कोण गेलं हेही त्यांना सांगावं लागलं नसणार. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला.

मग मी शेतांकडे पाहिलं. अल्लीपूरच्या बाजूच्या धुऱ्या-बांधांवरून माणसं निघाली होती. कापूस वेचणाऱ्या बाया पोटाशी बांधलेल्या कापसाच्या ओट्या तशाच घेऊन येत होत्या. नाल्याकडून काही, पांदणीच्या गाडीवाटेनं काही. कोणी पळत नव्हतं. सगळ्या बाजूंनी सगळं गाव आमच्या मोहल्ल्याकडे चालत होतं, आणि इतकी शांतता होती की वरपर्यंत वाळलेल्या सोयाबीनच्या धसकटांवरून पावलं पडल्याचं ऐकू येत होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, समजलं ना बे त्यायले." माझा आवाज परत आला होता, पण ऐकायला कोणी नव्हतं.

त्याला गिरणीसमोरूनच नेलं. काका शटर लावून उभे होते. त्यांनी कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पंखे उघडशीन, तवाच दे." मग ते मागून चालू लागले. शेवटपर्यंत आले.

आता माझ्या मूर्खपणाचा भाग.

लोक आंघोळी करून घरी आले की पंखे उघडायचे, हा नियम. त्या संध्याकाळी मी वर गेलो. चरखीच्या दांडीवर हात ठेवला आणि तसाच खाली आलो. ती दांडी उलटी फिरवायला आजवर दादाच जायचा. मी फिरवली असती तर त्याचं मयत संपलं असतं, आणि ते मला संपवायचं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी, काय सांगू, वारा सुटला. असा सुटला की कडुनिंब सळसळून उठला, दोरीवरचे कपडे उडाले. सगळ्या गावानं माना वर करून पाहिलं. पंखे वाऱ्याकडून तोंड फिरवून तसेच उभे होते. कोणी मला एक शब्द बोललं नाही.

किल्ली माझ्या खिशात, म्हणजे गिरणी बंद. लोक मोटरसायकलला डबे बांधून दळायला अल्लीपूरला जाऊ लागले, आणि तेही आमच्या दारावरून न जाता मागच्या पांदणीनं, की मला दिसू नये. ज्यांना जाणं जमत नव्हतं त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ भात. हे सगळं मला माहीत होतं. दर संध्याकाळी मी वर जायचो, दांडीवर हात ठेवायचो आणि खाली यायचो. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती घराबाहेर पडली नव्हती, आणि शेजारणी आपल्या घरून भाकरी आणून देत होत्या. ते पीठ कुठून दळून आलं, हे तिला कोण सांगणार?

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याच्या, दिवशी सकाळी अंगणात मंडप घातला. मीच घातला, माझाच. दादाच्या फोटोला हार घालून झाला होता. पाहुणे बसले होते. गिरणीवाले काका पहिल्या ओळीत होते. वंदनेला सुरुवात व्हायची म्हणून मी माईक तपासत होतो. लाल दिवा लागलेला, कर्णे चारही दिशांना. पाहुण्यांसाठी भाकरी थापायच्या म्हणून वहिनी कोणाला न सांगता स्वतःच ज्वारीचा डबा घेऊन गिरणीकडे गेली होती, हे मला माहीत नव्हतं. शटरला कुलूप पाहून तिथे कोणाला तरी तिनं विचारलं, आणि तिला सगळं कळलं.

ती मंडपात आली ती डबा कमरेवर घेऊनच. पदर सुटलेला, पायांत चप्पल नाही. दादा गेल्यापासून ती कोणाशी चार शब्द बोलली नव्हती. पाहुण्यांच्या मधून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मधे फक्त माईक होता. त्यानंतर मी बरडावर चालत गेलो की पळत, काकांनी माझ्या खिशातून किल्ली कशी काढून घेतली, यातलं मला काही नीट आठवत नाही. लोक आधी हसले की आधी रडले, याबद्दलही गावात दोन मतं आहेत. पण ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते चारही कर्ण्यांवरून शेतापर्यंत गेलं:

"नवरा माहा मेला हो भाऊजी, आन् दळन अख्ख्या गावाचं काऊन अडकवून ठेवलं!"